चोरीचा शेवगा

शेवग्याची काडी मागून आणली तर लागत नाही. विकत आणली तर नाहीच नाही. ती चोरून आणावी लागते. चोरी होत असताना मालकिणीने पाठ फिरवायची, आणि चोर कुंपणाबाहेर पडली की गावभर ऐकू जातील अशा शिव्या द्यायच्या. शिव्या जितक्या खणखणीत, तितका पाला दाट. आता एखादा शहाणा म्हणेल, हे काय खूळ! म्हणू दे बापडा. त्याच्या दारात शेवगा आहे का, ते आधी विचारा.

बडनेऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात माळणी पिढ्यान् पिढ्या असाच शेवगा लावत आल्या होत्या. पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचंही नव्हतं, कारण पुरुषाच्या तोंडावर ही रीत उघड केली की तिचा गुण जातो, असं सगळ्या बाया मानत. पार्बताबाई माळीणही मानायची. आणि त्या फाल्गुनात तर तिला मानल्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

तिची सून रुख्मिणी, अकोल्याकडची, पोटुशी होती. पहिली दोन लेकरं गेली होती. दोन्ही वेळा एकच झालं. लेकरू धडधाकट जन्मलं, पण रुख्मिणीला दूध आलं नाही. गाईचं दूध बोळ्याने पाजून पाहिलं, ते पोटात ठरलं नाही. लेकरू रडायचं, रडून रडून दमायचं, आणि मग एका दुपारी घर एकदम शांत व्हायचं. ती शांतता पार्बताबाईच्या कानात अजून बसलेली होती. बाळंतिणीला शेवग्याचा कोवळा पाला रोज पोटात गेला तर दूध उतरतं, हे तिने स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं. रुख्मिणीच्या दुसऱ्या खेपेला ती बाळापूरला भावाकडे गेली आणि काडी मागून घेऊन आली. मागून! घाई होती, लाज होती, काय म्हणाल ते. चांगली वावरातली काळीभोर माती घालून ती काडी परसात लावली, रोज पाणी घातलं. पंधरवड्याने उपटून बघते तर बुडखा कुजून गुळगुळीत झालेला. महिनाभरात लेकरूही गेलं.

या खेपेला मागायची नाही, चोरायची, हे ठरलेलं. पण चोरायची कुठून?

सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्या कापसासाठी तोंड वासून बसल्या होत्या. इकडे वऱ्हाडात माणसं पिसाटली. जिथे तीळ पेरायचा तिथे कापूस, जिथे ज्वारी तिथे कापूस. अमरावतीच्या बाजारात मेथीची जुडी दिसली तर लोक आधी हात लावून बघत, खरी आहे का म्हणून. पार्बताबाईचं घर गावच्या खुशालराव पाटलाचा विहिरीवरचा मळा बटईने, अर्ध्या वाट्यावर, करत होतं. वांगी, आलं, केळी, आणि बांधावर ओळीने शेवगे. रुख्मिणीचं पहिलं लेकरू यायच्या आधीच्या उन्हाळ्यात पाटलाने मळा परत घेतला, शेवगे मुळासकट उपटले आणि तिथे सरकी टोचली. पार्बताबाईचा मुलगा गोवर्धन, जन्माचा माळी, पाटलाच्याच कापसाच्या गाड्या हाकायला लागला. अकोला, बाळापूर, आणि पुढे रेल्वेच्या टोकापर्यंत. महिनोन् महिने त्याचं तोंड दिसत नसे. पार्बताबाई परसातली भाजी टोपलीत घालून दारोदार विकायची.

गावात शेवगा उरला एकच. पाटलाच्या घरामागच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आवारात.

आणि तो पार्बताबाईच्याच शेवग्याचा लेक होता. पाटलीण गोदाबाई आणि ती एकाच साली सुना होऊन गावात आल्या. गोदाबाईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने मळ्यात शिरून काडी चोरली होती. पार्बताबाई पाठ करून वांगी तोडत राहिली, आणि नंतर असा काही शिव्यांचा पट्टा सोडला की तिचा घसा चार दिवस बसला होता. काय हसल्या होत्या दोघी! पण मळा मोडला त्या दिवसापासून बोलणं बंद. गोदाबाईने नवऱ्याला अडवलं नाही, हे पार्बताबाईच्या काळजात रुतलं होतं. विहिरीवर भेटल्या तरी दोघी आपापल्या घागरीत बघायच्या.

म्हणजे ज्या बाईने पाठ फिरवायला हवी, तीच तोंड फिरवून बसलेली. त्यात वाडग्यात हा पुरुषभर उंच कापसाचा ढीग. अलीकडे ढिगातून रात्री-बेरात्री कापूस कमी होतोय असा पाटलाला संशय आला होता. त्याने अचलपूरकडचा सूर्यभान नावाचा राखणदार ठेवला आणि दवंडी पिटवली. जो कापसाला हात लावील, त्याच्या घरचा माणूस पाटलाच्या गाडीवर राहणार नाही आणि त्याच्या हातचं गाव काही विकत घेणार नाही.

तरी पार्बताबाई गेली. भर दुपारी, गाव जेवून आडवं झाल्यावर. कमरेला विळा, पदर खोचलेला. कुंपणाच्या काट्या सारून ती आत सरकली तेव्हा सूर्यभान फाटकाशी टोपी तोंडावर घेऊन बसला होता. तो हलला. ती पटकन ढिगामागे कापसात दबून बसली. छाती अशी धडधडत होती की तिला वाटलं, ढीगच हलतोय. सूर्यभान उठला, खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा बसला.

ती वाकून शेवग्यापाशी गेली. कोवळी फांदी नको, ती सुकते. फार जून नको, ती फुटत नाही. मनगटाएवढी, साल करडी पडलेली, डोळे टरारलेले अशी एक तिने हेरली आणि विळा तिरपा लावला. फांदी हातात आली. सुटली बाप्पा, असं म्हणून तिने मान वर केली, तर मागच्या पडवीत गोदाबाई उभी.

फिरव वं पाठ, पार्बताबाई मनात म्हणाली. भांडण राहू दे एकीकडे, एवढी पाठ फिरव. गोदाबाईने पाठ फिरवली नाही. तिचे डोळे मोठे झाले होते, आणि ती पार्बताबाईकडे बघतही नव्हती. तिच्या मागे बघत होती.

"सापडली रे! पाटील, चोर सापडली!" सूर्यभानने पार्बताबाईचं मनगट पिरगाळलं.

निजलेलं गाव जागं व्हायला किती वेळ लागतो? बघता बघता फाटकाशी माणसं जमली. खुशालराव डोळे चोळत बाहेर आला. नव्या पैशाने माणूस फुगतो तसा तो फुगला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि आवाजात जरब आली होती.

"काय वं पार्बता? माया वाडग्यात काय करून राहिली?"

"काडी तोडली पाटील. शेवग्याची."

"अन् हे काय हाये?" त्याने बोट दाखवलं. पार्बताबाईने स्वतःकडे बघितलं. लुगड्याला, केसांना, कोपरांना, सगळीकडे पांढरे पुंजके चिकटले होते. कापूस!

"ढिगामागं लपली होती. चिकटला."

"एका काडीसाठी कोनी लपते काय? मांगली असती त देल्ली नसती काय म्या?" पाटील हसला, त्याच्याबरोबर चार पुरुष हसले. फाटकाशी उभ्या बायांपैकी एकही हसली नाही. त्यांना सगळं समजलं होतं. पण बोलणार कोण? बोललं तर रीत बुडाली, रीत बुडाली तर काडी बुडाली.

पाटलाला काय वाटलं कोण जाणे, त्याने वळून बायकोला विचारलं. "पाटलीन, तू सांग. इले तू देल्ली होती काय काडी? देल्ली असन त मिटलं."

सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. एक हो म्हटलं की पार्बताबाई सुटणार होती. गोवर्धनची गाडी राहणार होती, तिची टोपली दारोदार फिरणार होती. आणि ती काडी मात्र दिलेली ठरणार होती. दिलेली काडी! बाळापूरच्या काडीचा तो गुळगुळीत बुडखा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यामागोमाग ती दुपारची शांतता. हो म्हणू नको वं गोदे, ती मनात ओरडली. तुले माया गळ्याची आन हाये, हो म्हणू नको!

गोदाबाईने पदर सावरला. "म्या नाई देल्ली."

फाटकाशी एक हाय उठली. कोणीतरी म्हणालं, काय बाई तरी, जन्माचा दावा! पार्बताबाईचा श्वास मात्र मोकळा झाला.

"मंग चोरलीच म्हनायची," पाटील म्हणाला.

"व्हय पाटील. चोरलीच." तिने हे असं छाती काढून सांगितलं की सूर्यभानसुद्धा चमकला.

"आयकलं सगळ्यायनं? काडी चोरनारी कापूस सोडन काय? इतक्या दिसापासून ढीग कोन पोखरून राहिलं ते समजलं आता. गोवर्धनले निरोप धाडा, गाडी सोडून ये म्हना. अन् या बाईच्या टोपलीले कोनी हात लावायचा नाई."

चोरी एक केली आणि चोर दोन्हीची! नाही म्हणावं तर कोण ऐकणार, अंगभर पुरावा चिकटलेला. तरी हातातली काडी तिने सोडली नाही.

"कापूस म्या काढला."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. गोदाबाई पडवीची पायरी उतरून खाली आली होती.

"काय म्हनून राहिली तू?" पाटील.

"घरात खंडीनं कापूस पडला हाये, अन् देवाच्या वातीले चिमूटभर मांगतला त तुमी काय म्हनलं? वाती जळून जातेत, कापूस विकल्या जाते. माया नवस हाये लाख वातीचा. म्या काढला. रोज पदरात काढला. तिचं नाव घेऊ नोका."

"कायचा नवस?"

"नवस सांगत नसतेत," गोदाबाई म्हणाली, आणि नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली. सगळ्या गावासमोर.

पाटलाचं तोंड तांबडंलाल झालं. स्वतःच्याच घरात चोर, आणि ती बातमी फाटकाशी उभ्या सगळ्यांच्या कानात! हे सगळं लवकर आटपावं म्हणून तो पार्बताबाईवर ओरडला, "उभी काय राहिली? सोड रे तिले. घेऊन जाय ते काडी. देल्ली तुले, जाय!"

घ्या! नाव वाचलं, गाडी वाचली, टोपली वाचली. आणि पाटलाने काडी देऊन टाकली. पार्बताबाईला रडू कोसळलं. लोकांना वाटलं, सुटली म्हणून रडते.

तिने काडी हळूच जमिनीवर ठेवली. "देल्ली काडी मले नोको, पाटील."

"मस्ती पाय हिची!" पाटील थुंकला. "एवढं झालं तरी ताठा कमी नाई." आणि तो तरातरा घरात गेला. पुरुष पांगले. बाया मात्र रेंगाळल्या. पार्बताबाई मोकळ्या हातांनी वाडग्यात उभी राहिली, आणि सूर्यभान तिला बाहेर काढायला काठी सावरून पुढे आला.

"सूर्यभान," गोदाबाई कडाडली, "फाटकाजोळची गर्दी हटव आंधी! एवढ्या बायाईत कोन काय उचलून नेईन, समजनार हाये काय तुले?" बाया काय, इशाऱ्याची वाटच बघत होत्या. त्यांनी लगेच गलका केला, सूर्यभानला गराडा घातला, आणि कोण कोणाला ढकलतंय यावरून भांडायला लागल्या.

आणि गोदाबाईने पाठ फिरवली.

ढिगाकडे तोंड करून ती उभी राहिली आणि नसलेल्या चिमण्या हाकलू लागली. हुश्, हुश्! पार्बताबाईने विळा उपसला. जमिनीवरची काडी दिलेली होती, ती विटाळलेली. झाडाचीच नवी हवी. तिने दुसरी फांदी धरली. विळा सालीवरून घसरला, बोट कापलं. सूर्यभान गराड्यातून मान वर काढत होता. तिने विळा टाकला, दोन्ही हातांनी फांदी धरून सगळं अंग तिच्यावर टाकलं. कडाड्! एवढा आवाज की घरात पाटलाच्या कानी गेलाच असेल. चिमण्या हाकलणारा हात तेवढा थांबला, पण पाठ वळली नाही.

पार्बताबाई कुंपणातून बाहेर पडली, काटे फाटत्या लुगड्याला ओढत होते, आणि ती धावत सुटली. मागून काही येईना. एक घर गेलं, दुसरं गेलं. शिव्या येईनात! पाठ फिरवली खरी, पण शिव्या दिल्या नाहीत तर? तीन पावसाळे गोदाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आणि मग वाडग्यातून आवाज फुटला.

"अवं भवाने! काळतोंडे! कोनं तोडली वं माई फांदी? तुये हात झडो! तुये दात पडो! तुया चुलीवर मांजर निजो! सटवे, चोरटे, चोराच्या मागून आलेले!"

गाव दणाणलं. पार्बताबाई मारुतीच्या पारापाशी भिंतीला टेकली आणि रडता रडता हसायला लागली. अशा खणखणीत शिव्या तिला उभ्या जन्मात कोणी दिल्या नव्हत्या.

काडी तिने सावलीत ठेवली, कापलेल्या जागेचा चीक वाळेपर्यंत. वरच्या टोकाला शेण थापलं. या खेपेला वावरातली काळी माती घेतली नाही. तिची सासू म्हणायची, कापूस काळीत, शेवगा पांढरीत. गावठाणाची पांढरी माती, मुरूम आणि चुलीतली राख मिसळून तिने न्हाणीजवळ खड्डा भरला आणि काडी सरळ उभी केली. पाणी बेतानेच. काडी कशाने लागते, चोरीने की मुरमाने, हे त्या काडीलाच ठाऊक. पार्बताबाईने कुठलीच बाजू सोडली नव्हती.

मग सुरू झालं वाट बघणं. काडी नुसती काठीसारखी उभी. रुख्मिणीचं पोट वाढत होतं आणि काडी होती तशीच. पाटलाने बायकोला ताकीद दिली होती, त्या माळणीशी बोलशील तर याद राख. गोदाबाईने ती अक्षरशः पाळली. ती बोलली नाही. रोज दुपारी विहिरीवरून येताना ती वाट वाकडी करून पार्बताबाईच्या कुंपणाशी यायची, डोईवर घागर, आणि तोंडाचा पट्टा सोडायची. हात झडो, पाय मोडो, टोपलीला भोक पडो! पाटलाला हे समजलं तेव्हा तो खूश झाला. जिरवली म्हणे बायकोने. पुरुषांना काय कळतं? विहिरीवरच्या बायांना मात्र एक गोष्ट दिसली होती. गोदाबाई हातापायांना, दातांना, चुलीला, टोपलीला शिव्या द्यायची. घरातल्या लेकराबाळांच्या वाटेला एकही शिवी जात नव्हती.

चैत्र सरता सरता करड्या सालीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका आला. पार्बताबाईने त्याला हात लावला नाही, नुसती बघत बसली. वैशाखात डहाळ्या आल्या, ज्येष्ठात पाला रुख्मिणीच्या ताटात पडू लागला. आषाढात ती बाळंत झाली. मुलगी. त्या संध्याकाळी महादेवाच्या देवळात लाख वाती पेटल्या, आणि पाटलिणीचा नवस कशाचा होता ते पार्बताबाईला तेव्हा उमगलं.

पण नवस फिटला म्हणून दूध येतं असं नाही. पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. पार्बताबाई पाला शिजवून शिजवून सुनेला भरवत होती, पाठ चोळत होती, देवाला हात जोडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लेकरू रडत होतं. तेच रडणं. तोच सूर. तो हळूहळू बारीक होत चालला होता. पार्बताबाई दारात दगडासारखी बसली, आत जायची हिंमत होईना.

बाहेर कुंपणाशी गोदाबाई आली. "तुये हात झडो वं चोरटे, तुये..."

आणि आतलं रडणं एकदम बंद पडलं.

गोदाबाईची शिवी अर्ध्यावर तुटली. पार्बताबाईने ही शांतता आधी दोनदा ऐकली होती, आणि तिचा अर्थ गोदाबाईलाही ठाऊक होता. गोदाबाईने डोईवरची घागर उतरवली आणि कुंपणाला धरून उभी राहिली. पार्बताबाई भिंत धरत धरत आत गेली. अंधारात आधी काही दिसेना. मग रुख्मिणीचा चेहरा दिसला, घामाने भिजलेला, हसणारा. लेकराचे डोळे मिटले होते, आणि ओठाच्या कोपऱ्यातून दुधाची धार गळ्यापर्यंत ओघळली होती.

पार्बताबाई दाराशी आली.

"गोदे," ती म्हणाली, "हळू बोंबल वं. प्यालं अन् निजलं."

गोदाबाईने पदराने तोंड पुसलं. घागर उचलली, डोईवर ठेवली, आणि जाता जाता कुंपणाशी वाकून अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुये हात झडो."